व्हिप नसलेली निवडणूक

महोदय,

राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला स्वपक्षाचेच आमदार विरोध करू लागले, की ‘यांच्यावर पक्षांतरबंदी लावा’ अशी चर्चा आपल्या सोलापूरच्या कट्ट्यांवरही रंगते. ती निरर्थक आहे. या मतदानाला व्हिप (पक्षाचा मतदानाविषयीचा आदेश) काढता येत नाही, मतदान गुप्त असते आणि पक्षांतरबंदीची तरतूद असलेली राज्यघटनेची दहावी अनुसूची इथे लागूच होत नाही.

१९६९ मध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. पक्षाध्यक्ष निजलिंगप्पांनी रेड्डींसाठी जनसंघ, स्वतंत्र पक्षाकडे दुसऱ्या पसंतीची मते मागितली आणि पंतप्रधान इंदिरा गांधींना रेड्डींना विरोध करायला आयतेच कारण मिळाले. त्यांनी ‘सदसद्विवेकबुद्धीने मत द्या’ म्हटले. पहिल्या पसंतीत इंदिरा गांधींचा कल असलेले अपक्ष व्ही. व्ही. गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि जनसंघ, स्वतंत्र पक्षाचे उमेदवार असलेल्या आपल्या चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते पडली. जिंकण्यासाठी लागणारा कोटा होता ४,१८,१६९. देशमुख बाद झाल्यावर त्यांची बहुतेक मते रेड्डींकडे वळली. तरी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर अडकले. ८८ हजारांची आघाडी १४,६५० वर आली, म्हणजे निजलिंगप्पांचे गणित अगदीच चुकीचे नव्हते!

महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य सध्या १७५ आहे. आपल्या जिल्ह्यातील अकरा आमदारांचे मिळून १,९२५. आमदाराची मतपत्रिका गुलाबी असते. आयोगाने दिलेल्याच पेनाने नावापुढे १, २ असे आकडे घालायचे. पहिली पसंती लिहिलीच नाही, तर मत बाद. नाराजांची काही मते अशीही वाया जातात, मुद्दाम की चुकून ते कळत नाही.

– एक वाचक, सोलापूर