डार्विनहून आई-बाबांना

डार्विन, १८ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

पत्र आलं म्हणून घाबरू नका. आम्ही तिघंही डार्विनला सुखरूप पोचलोय, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, म्हणजे कॅरव्हान, तीही शाबूत आहे. फोनवर सांगायला गेलं की आई ‘जेवलात का’पाशी अडकते, आणि बाबा निम्मं ऐकू न येताच ‘बरं, बरं’ म्हणतात. एवढा मोठा रस्ता ‘बरं, बरं’मध्ये उरकायचा नाही, म्हणून हे लिहायला बसले.

बाबा, कपाटातला ॲटलास काढा. ऑस्ट्रेलियाच्या खालच्या अंगाला ॲडलेड, तिथून तीनशे किलोमीटरवर पोर्ट ऑगस्टा, आणि पार वर, डोक्यावर डार्विन. पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत जी उभी रेघ दिसेल तो स्टुअर्ट हायवे. साधारण २,७०० किलोमीटर, आणि मध्ये नाव घेण्यासारखी गावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शहाणी माणसं या रस्त्याला मे ते सप्टेंबरमध्ये कॅरव्हान घेऊन जातात, कारण तेव्हा इकडे हिवाळा. तुमच्या जावयांची बदली नोव्हेंबरातच व्हायची होती, त्याला आम्ही काय करणार? सगळे कॅरव्हानवाले दक्षिणेला परतत होते आणि आम्ही तेवढे उत्तरेला. समोरून येणारा प्रत्येक जण स्टेअरिंगवरून एक बोट वर करून रामराम करतो. एसटी चालवताना समोरची गाडी दिसली की तुम्ही हात वर करायचात, तेच. गाड्याही आपल्यासारख्या डाव्या बाजूनेच चालतात, त्यामुळे तुम्हाला इथे परकं वाटायचं नाही.

तुमचा पहिला प्रश्न मला माहीत आहे. ॲव्हरेज? लिटरला पाच. नुसत्या गाडीला दहा मिळतं, मागे दोन टनांची कॅरव्हान लावली की निम्मं. ग्लेनडॅम्बो नावाच्या ठिकाणी पंप आहे, त्यानंतर कूबर पीडीपर्यंत अडीचशे किलोमीटर डिझेल नाही, पाणी नाही, काही नाही. म्हणून प्रत्येक पंपावर टाकी फुल्ल, मग अर्धी का भरलेली असेना. दुसरा प्रश्न, ब्रेक. कॅरव्हानच्या चाकांना स्वतःचे ब्रेक असतात, गाडीचं पेडल दाबलं की विजेवर तेही लागतात. शिवाय हाताशी एक बटण आहे. मागचं धूड डुलायला लागलं तर फक्त त्याचे ब्रेक हळूच लावायचे, पुढच्या गाडीचे नाहीत. जड सामान चाकांच्या वर भरायचं, पार मागे टाकलं की शेपूट हलायला लागतं. उन्हाने टायरची हवा वाढलेली दिसते तेव्हा ती सोडायची नाही, सकाळी गार टायरलाच मोजायची. हे मला कुणी इथे शिकवलं असं जावयांना वाटतं. त्यांना वाटू दे.

आणि रोड ट्रेन. नाव ट्रेन असलं तरी तो ट्रकच, एका इंजिनामागे तीन-तीन ट्रेलर. लांबी साडेत्रेपन्न मीटरपर्यंत. एसटीच्या पाच गाड्या एकामागे एक जोडून ताशी शंभरने समोरून येताहेत असं समजा. तो शेजारून गेला की आधी हवा आपल्याला बाहेर ढकलते आणि तो संपता संपता आत ओढते, स्टेअरिंग दोन्ही वेळा घट्ट धरावं लागतं. तो मागून आला तर वायरलेसच्या चाळीस नंबरच्या चॅनेलवर त्याच्याशी बोलायचं. एकाने सांगितलं, ‘मी बाजूला आलो की तू वेग कमी कर, मी निघून जातो.’ कामापुरतं बोलणं, पण सभ्य. ड्रायव्हर लोक सगळीकडे सारखेच असावेत. वरच्या भागात ताशी १३० ची मुभा आहे, आम्ही नव्वदच्या पुढे गेलो नाही. अंधार पडल्यावर तर चाक हलवायचं नाही, कारण रस्त्यावर कांगारू असतात आणि कुंपण नसलेली गुरंही.

कूबर पीडीबद्दल आईला सांगते. १९१५ साली तिथे एका पोराला ओपलचे खडे सापडले आणि खाणवाले धावले. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून लोकांनी टेकड्या पोखरून जमिनीखाली घरं केली. आत बारा महिने चोवीस-पंचवीस डिग्री, पंखासुद्धा लागत नाही. चर्चही जमिनीखाली. तुझ्या नातीला तिथेच राहायचं होतं. वर मात्र माश्या इतक्या की तोंडावर जाळी बांधून हिंडायचं, जेवणाचा डबा बाहेर उघडायची सोय नाही.

आता बाबांसाठी एक गंमत. हा रस्ता धावतो तो ढोबळमानाने जुन्या तारेच्या, म्हणजे टेलिग्राफच्या, मार्गाने. १८७२ मध्ये पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत तारेचे खांब टाकून झाले, सुमारे छत्तीस हजार. अडीचशे-तीनशे किलोमीटरला संदेश क्षीण व्हायचा, म्हणून तिथे एकेक ठाणं, आणि ठाण्यात बसलेला माणूस आलेला संदेश ऐकून पुढे ठोकायचा. ॲलिस स्प्रिंग्जचं ठाणं अजून जपून ठेवलंय, ते पाहिलं. तार डार्विनहून समुद्राखालून जावा, सिंगापूर, मद्रास आणि मग कुठे? मुंबई! मुंबईहून एडन, सुएझ आणि लंडन. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी या वाळवंटातली बातमी मुंबईवरून जात होती, आणि आमचा मोबाइल गाव संपलं की मुका. तुम्हाला दोन-दोन दिवस फोन लागला नाही त्याचं कारण एवढंच होतं. उंटांचंही तसंच. इथे ओझी वाहायला १८६६ च्या सुमारास शंभरावर उंट आणि त्यांचे राखणदार बोटीने पोर्ट ऑगस्टाला उतरवले. आले कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात! पुढे मोटारी आल्या, उंट मोकळे सोडले, त्यांची पिल्लावळ अजून वाळवंटात फिरते.

ॲलिस स्प्रिंग्जची टॉड नदी पाहिलीत तर आपली सीना तुम्हाला गंगा वाटेल. नुसती वाळू. त्या वाळूत तिथले लोक १९६२ पासून होड्यांची शर्यत भरवतात. नावेला बूड नसतं, आत उभं राहून ती कमरेशी उचलायची आणि पळायचं. १९९३ मध्ये ही शर्यत रद्द करावी लागली, कारण नदीला पाणी आलं! उलुरू नावाच्या त्या प्रसिद्ध लाल खडकाला आम्ही गेलो नाही. मुख्य रस्त्यापासून जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरचं वळण, त्यात ऊन. ते का राखून ठेवलंय ते पुढे लिहिते.

आई, आता वादळाचं. तू बातम्यांत काहीतरी बघितलंस आणि दोन रात्री झोपली नाहीस असं बाबा म्हणाले. पहिलं वादळ कार्लू कार्लूला भेटलं. ॲलिसच्या वर जवळजवळ चारशे किलोमीटरवर उघड्या माळावर ग्रॅनाइटच्या प्रचंड गोल शिळा पडल्या आहेत, इंग्रजांनी त्यांना सैतानाच्या गोट्या असं नाव दिलं होतं. तिथल्या मूळ लोकांची ती पवित्र जागा, २००८ मध्ये ती त्यांना परत मिळाली. तिथे मुक्काम होता. दिवसभर अंगाची लाही झालेली. चारच्या सुमारास पश्चिमेला आभाळ तांबडं झालं. ते ढग नव्हते, ती धूळ होती. आम्ही कॅरव्हानची कनात भराभर गुंडाळली, गॅसचा सिलिंडर बंद केला आणि तिघं पुढच्या गाडीत जाऊन बसलो. विजा चमकत असताना कॅरव्हानपेक्षा पत्र्याच्या टपाची गाडी बरी, काचा वर करून. पाऊस ढगातून निघालेला दिसत होता, करड्या झिरमिळ्या लोंबत होत्या, पण वाटेतच सुकत होता. जमिनीवर थेंब नाही. नुसता वारा, धूळ आणि विजा. अर्ध्या-पाऊण तासात सगळं पुढे सरकलं आणि रात्री लांबवर एक पट्टा जळताना दिसला. कोरड्या विजांनी गवताला आग लागते. ती आमच्यापासून खूप दूर होती, शेजारच्या लोकांनी रेडिओवर खात्री करून घेतली, तरी मी आळीपाळीने जागायला लावलं.

तिथून वर गेलं की हवा बदलते. हे मला कुणी सांगायच्या आधी तुझ्या भाकरीने सांगितलं. निघताना तुझ्यासारख्या कडक भाकऱ्या करून डबा भरला होता, आणि शेंगाची चटणी. ॲलिसपर्यंत भाकरी मोडली की ‘कट्’ वाजायची. वाळवंट आणि कडक भाकरी यांचं छान जमतं, सोलापूरकरांनी इकडे यायला हवं होतं. डेली वॉटर्सच्या पुढे डबा उघडला तर सगळ्या सादळलेल्या, नुसत्या वाकत होत्या. एलियट गावाच्या आसपास भर दुपारी सावली पायाखाली गेली होती, आपल्याकडे मेच्या मध्यावर जाते तशी. इथला नोव्हेंबर म्हणजे आपला मे आणि त्यावर मुंबईचा घाम. रोज दुपारी ढग चढतात, गडगडतात, आणि बहुतेक दिवशी काही न देता जातात. इथले लोक याला बिल्ड-अप म्हणतात आणि या दिवसांत माणसं चिडचिडी होतात हे उघडपणे मान्य करतात. तुमच्या जावयांची साक्ष काढू शकता.

खरा पाऊस मटारंका गाव सोडल्यावर गाठला. वळीवच, पण वळवाची भूक मोठी. वायपर चालू आहे की बंद ते कळेना. बाजूला घ्यायला जागा मिळाली तिथे थांबलो, तासाभराने निघालो, तर पुढच्या सखल भागात रस्त्यावरून पाणी वाहत होतं. अशा ठिकाणी कडेला खोलीच्या खुणा असलेले पांढरे खांब रोवलेले असतात. वाळवंटात ते बघून मी हसले होते, इथे हसू आलं नाही. पाणी फुटभरच असेल. पण खालचा डांबरी रस्ता शिल्लक आहे की वाहून गेलाय, हे वरून दिसत नाही. बाबा, वैरागच्या अलीकडे ओढ्याला पाणी आलं तेव्हा तुम्ही गाडी थांबवून इंजिन बंद केलं होतंत. माणसं ओरडत होती, एकाचं तर लग्न होतं. तुम्ही किल्ली खिशात घातलीत आणि खाली उतरून विडी पेटवलीत. मी पुढच्या सीटवर होते. तेच केलं, विडी सोडून.

आमच्या पुढे एक म्हातारं जोडपं थांबलं होतं. आजोबा ऐंशीला टेकलेले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आजीला रक्तदाबाच्या गोळ्या. घर विकलंय आणि गेली काही वर्षं कॅरव्हानमध्येच राहतात. मुलीकडे डार्विनला निघाले होते. निवृत्त झाले की असं फिरणारे इथे हजारो आहेत, मी त्यांच्याबद्दल ऐकून होते, पण त्या दोन तासांत चहा पिताना पहिल्यांदा नीट बोलणं झालं. मी आलं घालून चहा केला, आजीने फ्रूट केक काढला. आजोबांनी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला आणि पाणी उतरतंय का ते दर दहा मिनिटांनी जाऊन बघायचे. पाणी उतरलं, समोरून एक रोड ट्रेन धीमेपणे पार झाली, मग ते आणि मग आम्ही.

कॅथरीन गावात आंबे मिळाले. नोव्हेंबरात आंबे, आई! केन्सिंग्टन प्राइड नावाची जात, ती मुळात भारतातून आली असं मानतात. इथून हिंदुस्थानात फौजेसाठी घोडे जायचे, त्या बोटींवरून कोयी आल्या म्हणे. हापूसची सर नाही, पण पायरीच्या जवळ जातो, आमरसाला बरा. पेटीभर घेतले, निम्मे वाटेतच संपले.

चक्रीवादळाचं विचारत होतीस. होय, डार्विनला ते येतात. १९७४ च्या नाताळात ट्रेसी नावाच्या वादळाने अख्खं गाव आडवं केलं होतं. त्यानंतर घरं बांधायचे नियमच कडक केले. आमचं भाड्याचं घर त्याच्या बरंच नंतरचं आहे. पाणी, बॅटरी, औषधं यांची पेटी भरून ठेवलीय, यादी दारामागे लावलीय. यापेक्षा जास्त मी काही करू शकत नाही आणि तूही काळजी करून करू शकणार नाहीस.

आता मुद्द्याचं. ‘आमचं आता काय राहिलंय फिरायचं’ हे वाक्य या वर्षी फोनवर ऐकून घेणार नाही. जूनमध्ये या. तेव्हा इथे कोरडी हवा, रात्री शाल लागेल एवढा गारवा आणि आकाश स्वच्छ. मी रजा टाकते, आपण डार्विनहून खाली उलुरूपर्यंत जाऊ, रोज दोनशे-अडीचशे किलोमीटरच, दुपारनंतर मुक्काम. कॅरव्हानमध्ये आईला खालचा पलंग, चढायला पायरी आहे. संडास आतच आहे, हे आधीच सांगते कारण तो प्रश्न येणारच. दोघांचे रक्ताचे रिपोर्ट आणि गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत करून घ्या. बाबांचा पासपोर्ट संपलाय, दादाला सांगून या आठवड्यात अर्ज भरा, उद्यावर टाकू नका. आणि बाबा, तुमचं लायसन्स अजून चालू आहे का तेही बघा. कॅरव्हान लगेच हातात देणार नाही. आधी जावयांना शेजारी बसवून नुसती गाडी चालवून दाखवायची, मग ठरवू.

तुमची लेक