डॉ. डोरोथी टेनॉव्ह यांना कृतज्ञतापूर्वक

आदरणीय डॉ. टेनॉव्ह,

प्रेमाच्या वेडाचा अभ्यास करणाऱ्या आपण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ; २००७ मध्ये गेलात. तरी कॉलेजच्या मुलामुलींचं समुपदेशन करताना आपल्या कामाचा इतका आधार मिळतो, की हे आभार जाहीरपणे मानावेसे वाटले.

पाचशेहून अधिक माणसांचे अनुभव गोळा करून १९७९ साली आपण एखाद्या व्यक्तीच्या ओढीने झुरण्याचं, आपल्या शब्दांत ‘लिमरन्स’चं, चित्र जगापुढे ठेवलंत. नको असताना तेच विचार, साध्या ‘हाय’चे शंभर अर्थ, अनिश्चितता वाढली की छातीत खरीखुरी कळ. समोरच्याचे दोष दिसत नाहीत असं नाही, तेही गोड वाटतात, हेही आपण नेमकं टिपलंत.

पण सर्वात मोठं ऋण वेगळं आहे. हे वेड आशा आणि अनिश्चितता या दोन्हींवर मिळून पोसलं जातं, हे आपण दाखवलंत. म्हणून नकार देणाऱ्याला आम्ही सांगतो: एकच स्पष्ट वाक्य बोला, त्यात ‘सध्या’ नको. मन दुखावू नये म्हणून म्हटलेलं ‘सध्या नाही’ ऐकणाऱ्याला ‘नंतर हो’ असं ऐकू येतं आणि तो आणखी वर्षभर अडकतो. झुरणाऱ्याला सांगतो: बोलणं ‘हळूहळू कमी’ करू नका. अधूनमधून आलेला एखादा रिप्लाय रोजच्या गप्पांपेक्षा जास्त ओढ लावतो. स्टेटस म्यूट करा, जुनं चॅट काढून टाका, मित्रांकरवी खबर घेऊ नका. एकाच वर्गात असाल तर कामापुरतं, चारचौघांत बोला.

प्रेम ओळखायला आम्ही विचारतो: आवडत्या व्यक्तीला दूरच्या शहरात हवी ती नोकरी लागली, तर आधी तिच्यासाठी आनंद होईल, की ‘मग माझं काय?’ मोहाला प्रतिसाद हवा असतो, प्रेमाला तिचं भलं. उत्तर द्यायला वेळ लागला तरी चालतो.

हे वेड किती टिकतं याचा आपण सांगितलेला दीड ते तीन वर्षांचा अंदाज लग्नाची घाई झालेल्यांना फार उपयोगी पडतो. होकार पक्का झाला की धडधड ओसरते आणि जोडपी घाबरतात, ‘प्रेम आटलं’ म्हणतात. आटलेली असते ती अनिश्चितता. खरी जवळीक तेव्हा कुठे सुरू होऊ शकते.

आणि या सगळ्याला आपण आजार म्हटलं नाहीत, याचे विशेष आभार.

आपले ऋणी,
काही समुपदेशक