वाचन कसे येते, हे बी.एड.ला शिकवा

संपादक महोदय,

पाचवी-सहावीतल्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, अशी बातमी ठरावीक काळाने येते आणि दोष शाळेच्या दारात टाकून सगळे मोकळे होतात. शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमाला कोणी विचारत नाही. बी.एड.च्या मराठी अध्यापन पद्धतीत छात्राध्यापक (प्रशिक्षण घेणारा भावी शिक्षक) सज्जता प्रवर्तन (पाठासाठी मुलांची मने तयार करणे), आदर्श वाचन, शब्दार्थ, रसग्रहण, स्वाध्याय अशा क्रमाने पाठ टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, लिहायला शिकतो. मुलाला वाचता येतेच, हे यात गृहीत आहे. ते अडखळले तर नेमके कशावर, हे ओळखण्याचा सराव कुठेच नाही. 'अक्षरओळख हे डी.एल.एड.चे (प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेचे) काम' हे उत्तर कागदापुरते ठीक. न वाचणारे मूल सहावीत येतेच आणि ते अनेकदा बी.एड. झालेल्यांच्या पुढ्यात बसते.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील आंतरवासितेला (प्रत्यक्ष शाळेत राहून करायच्या सरावाला) २० आठवडे मिळाले. त्यातले सहा आठवडे मराठीच्या प्रत्येक छात्राध्यापकाकडे दोन मुले द्यावीत. मुलाने न पाहिलेला १०० शब्दांचा उतारा मोठ्या टायपात त्याच्यापुढे ठेवायचा, दुसरी प्रत आपल्या हाती. चुकीचा शब्द नुसता खोडायचा नाही. मूल जे बोलले ते तसेच त्यावर लिहायचे. गाळलेल्या शब्दाला गोल, स्वतः सुधारलेल्यावर 'सु'. मूल थांबले तर मनात पाचपर्यंत मोजून मगच शब्द सांगायचा. बहुतेकांचे इथेच फसते. शांतता सहन होत नाही, शब्द पटकन सांगितला जातो आणि नोंद निरुपयोगी ठरते. शेवटी कागद पालथा घालून काय वाचले ते मुलाला त्याच्या बोलीत सांगू द्यायचे. दहाहून जास्त चुका म्हणजे उतारा जड. हा ठोकताळा इंग्रजी वाचनावरून आलेला आहे, सुरुवातीला तेवढा चालेल.

खरी मेहनत चुका वेगळ्या करण्यात आहे. 'कविता'चे 'किवता' झाले, तर मूल पहिली वेलांटी आधीच्या अक्षराला जोडते आहे, कारण ती व्यंजनाच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. 'वर्ग'चे 'वगर' हा रफाराचा घोटाळा, 'पुस्तक'चे 'पुसतक' हा जोडाक्षराचा. 'बाजार'ऐवजी 'बाजू' म्हणजे पहिले अक्षर पाहून मारलेला अंदाज. या चौघांवर एकच उपाय म्हणून पुन्हा बाराखडी घोकून घेणे हा वेळेचा अपव्यय आहे. वेलांटी चुकवणाऱ्याला आठवडाभर वेलांटीचेच शब्द द्यावेत, वाचायला आणि श्रुतलेखनालाही. 'पाणी'चे 'पानी' किंवा 'शाळेत'चे 'शाळंत' ही मात्र घरची बोली. तिची चूक मोजूच नये. घरी कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला अक्षरे येऊनही शब्दच अनोळखी असतो. तिथे आधी तोंडी काम हवे.

निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्रीय अभियानाचे तिसरीचे लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द वाचण्याचे आहे. पण मराठीत 'शेजारच्यांनासुद्धा' हाही एकच शब्द! म्हणून दोन उताऱ्यांची तुलना करताना शब्दांबरोबर अक्षरेही मोजायला शिकवावे.

एका प्राध्यापकाकडे पन्नास छात्राध्यापक असतील, तर प्रत्येकाचे काम प्रत्यक्ष पाहणे शक्य नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर तोड म्हणजे पालक आणि शाळेच्या परवानगीने फोनवर पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे आणि दर शनिवारी त्यातले एक सर्वांनी मिळून ऐकून स्वतंत्रपणे नोंदवावे. एकाच वाचनावर दहा जणांच्या दहा नोंदी निघतात, आणि कोणाचा कान कुठे कच्चा आहे ते समजते. गेल्या तुकडीच्या जर्नलची (सरावाच्या नोंदवहीची) नक्कल करण्यालाही थोडा आळा बसेल.

हे सारे परीक्षेत आले नाही तर वर्गातही येणार नाही. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी 'वाचन कौशल्याचे महत्त्व विशद करा' हा प्रश्न काढून टाकावा. त्याऐवजी चुका नोंदवलेला उतारा छापावा आणि त्यातल्या तीन चुकांची कारणे व पुढच्या आठवड्याचे नियोजन विचारावे. १५ गुण पुरेत.

– मराठी अध्यापन पद्धतीचे दोन प्राध्यापक, अमरावती