सेटिंग फिकट दिसते म्हणून संगणक फॉरमॅट करू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० साठीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आणि त्यामुळे इतरांप्रमाणेच महाल भागातील आमच्या लहानशा वाचनालयानेही आपला संगणक विंडोज ११ वर नेला. अपग्रेड सुरळीत झाले. मात्र दुसऱ्या दिवशी अपडेटचे पान उघडले, तर तिथली बटणे फिकट पडलेली होती, दाबूनही हलत नव्हती आणि वर इंग्रजीत सूचना होती, की यातील काही सेटिंग तुमच्या संस्थेच्या नियंत्रणात आहेत. संस्था म्हणजे आमचे वाचनालयच, असे मी धरून चाललो. मी तिथला कार्यवाह आहे आणि असा कोणताही निर्णय आम्ही घेतलेला नव्हता.

सीताबर्डीवरील एका दुकानात फोन केला, तेव्हा "विंडोज करप्ट झाली, फॉरमॅट मारावं लागेल" असे निदान संगणक न पाहताच मिळाले. या संगणकात साडेनऊ हजार पुस्तकांच्या नोंदी आहेत आणि त्यातील निम्म्याहून अधिक युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टंकलेल्या आहेत. तो फाँट गेला तर पडद्यावर केवळ निरर्थक चिन्हे उरतात. म्हणून मी फॉरमॅटला नकार दिला, हे फार बरे झाले.

आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका विद्यार्थ्याने अपडेटच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन, लागू असलेल्या पॉलिसींची, म्हणजे संगणकावर लादलेल्या नियमांची, यादी उघडून दाखवली. काही वर्षांपूर्वी, काम चालू असताना संगणक मध्येच रीस्टार्ट होतो अशी तक्रार आम्ही केली होती, तेव्हा आलेल्या मेकॅनिकने ग्रुप पॉलिसीतून (असे नियम लावण्याची विंडोजमधील सोय) आपोआप होणारी अपडेट बंद करून टाकली होती आणि त्याची कुठेही नोंद ठेवली नव्हती. विंडोजच्या लेखी तो प्रशासकाचा (ॲडमिनिस्ट्रेटरचा) आदेश होता. अपग्रेड करताना फायली आणि प्रोग्राम जसे टिकतात, तसा तोही टिकला. विद्यार्थ्याने ती पॉलिसी 'नॉट कॉन्फिगर्ड' केली, संगणक पुन्हा सुरू केला आणि बटणे पूर्ववत झाली. सारे काम वीस मिनिटांचे.

घरगुती संगणकावर बहुधा विंडोजची होम आवृत्ती असते आणि तीत ग्रुप पॉलिसीचा संपादक मिळत नाही. तिथे हेच आदेश रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगची अंतर्गत नोंदवही) 'पॉलिसीज' विभागात असतात; पण तिथे हात घालण्याआधी त्या भागाची प्रत काढून ठेवणे आवश्यक आहे आणि जाणकार सोबत नसेल तर तो उद्योग करूच नये. कित्येकदा तर कारण त्याहून साधे असते: आपण ज्या खात्याने आत शिरलो, ते ॲडमिनिस्ट्रेटरचे नसतेच.

जुने संगणक घेणाऱ्यांनी अधिक सावध राहावे, कारण आपल्या शहरात विद्यार्थी आणि लहान व्यावसायिक कंपन्यांतून निघालेले लॅपटॉप मोठ्या संख्येने विकत घेतात. 'अकाउंट्स'मधील 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल' या पानावर आधीच्या कंपनीचे खाते जोडलेले दिसले, तर कुलपाचे मूळ बहुधा तिथेच असते. त्या कंपनीने यंत्राची नोंदणी स्वतःच्या नावे कायम ठेवली असेल, तर फॉरमॅट करूनही पहिल्याच पडद्यावर तिचे लॉगिन मागितले जाते. ती नोंदणी त्या कंपनीनेच काढावी लागते. विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वीच हे पाहून घ्यावे.

अपग्रेडनंतर जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची सोय साधारणपणे १० दिवसच राहते, त्यामुळे तपासणी पहिल्याच आठवड्यात उरकावी. डिस्कवर बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी. ती हरवली आणि संगणकाने मागितली, तर आपलाच डेटा आपल्याला उघडता येत नाही.

शहरातील संगणक दुरुस्ती करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की ग्राहकाच्या यंत्रातील जी सेटिंग आपण बदलतो ती बिलाच्या मागे दोन ओळींत लिहून द्यावी आणि ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड मालकाच्या हाती सोपवावा. आमच्या मेकॅनिकने तेवढे केले असते, तर वाचनालयाच्या नोंदी पुसल्या जाण्याच्या बेतापर्यंत गोष्ट आलीच नसती.

आपला,
एका वाचनालयाचा कार्यवाह,
महाल, नागपूर