विषय: बागेतील पाम व सायकसची परस्पर होणारी छाटणी थांबवणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

महोदय,
स. न. वि. वि.

लेखी तक्रारीची वेळ येऊ नये म्हणून आजवर तोंडीच सांगत आलो. सचिवांना सांगितलं, माळीदादांना सांगितलं, तक्रार वहीतही लिहिलं. उत्तर एकच, "बघू." तेवढ्यात तळमजल्यावरच्या सदस्यांनी फाटकाजवळच्या फॉक्सटेल पामचा शेंडाच उडवला.

कारण काय, तर खिडकीत सावली येते. जास्वंदीचा शेंडा खुडला तर बाजूने फांद्या फुटतात. या पामच्या खोडाला वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यात. तो गेला म्हणजे झाड गेलं, आता फक्त वाळायचं बाकी आहे. या जातीची जुनी झावळी वाळली की आपोआप गळून पडते, त्यामुळे छाटणीची गरजच नव्हती.

पामसारख्या दिसणाऱ्या सायकसचंही तेच. त्याला नव्या पानांचा झुपका साधारण वर्षातून एकदा येतो. हिरवीगार पानं बुंध्यापर्यंत कापली की झाड खोडातल्या साठ्यावर जगतं, आणि दरवर्षी हेच झालं तर खंगत जातं. पिवळी, वाळलेली पानं काढा, माझी काहीच हरकत नाही. वर हेच सदस्य रोज पाइप थेट झाडाच्या मधोमध सोडतात. सायकसला पाण्याचा निचरा लागतो, ओल साचली की मुळं आणि गाभा कुजतो.

"झाड विषारी आहे" हे त्यांचं म्हणणं मी नाकारत नाही. सगळेच भाग विषारी, बिया सर्वांत जास्त, आणि कुत्र्याने खाल्ल्या तर यकृत निकामी होऊ शकतं. म्हणून बिया वेळीच काढाव्यात आणि भोवती कुंपण घालावं, हे मीच सुचवलं होतं. ते राहिलं बाजूला. "बिया पडतात" म्हणून यांनी कापलं ते मधोमध लांबट शंकू आलेलं नर झाड, ज्याला बिया कधीच येत नाहीत!

सामाईक जागेत समितीच्या लेखी परवानगीशिवाय बदल करता येत नाही, हा नियम माझ्या जिन्यातल्या कुंड्यांच्या वेळी मला वाचून दाखवण्यात आला होता. मी त्याच दिवशी कुंड्या हलवल्या. अरेका पामच्या बेटात स्कूटर घुसवणाऱ्यांना, मुळांशी गाडीचं साबणपाणी सोडणाऱ्यांना तो कधी वाचून दाखवलात? दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि 'ब' विंगमधली बहुतेक मंडळी माझ्याच मताची आहेत. सही केली नाही ती केवळ शेजारधर्म म्हणून.

बागेची कात्री आणि पाइप कार्यालयात कुलपात ठेवावेत. माळीदादांखेरीज कोणी झाडांना हात लावू नये, आणि त्यांनाही हिरवी झावळी न कापण्याची लेखी सूचना द्यावी. फॉक्सटेलच्या जागी फॉक्सटेलच लावावा, संबंधित सदस्यांच्या खर्चाने. पुढच्या सभेपूर्वी लेखी उत्तर मिळावं. "बघू" हे उत्तर मी यापुढे धरणार नाही.

कळावे,
एक सदस्य, 'अ' विंग