बॅटरी बदलली आणि घात झाला

संपादक महाशय,

धानोरीत राहत असल्याने सुखोईंच्या आवाजात आमचे फोनवरचे बोलणे नेहमीच तुटते. पण जमिनीवरून वैमानिकाला लक्ष्य सांगणाऱ्या जवानाबद्दल कोण बोलतो? ५ डिसेंबर २००१ रोजी कंदाहारजवळ अशाच एका अमेरिकी जवानाच्या जीपीएस यंत्राची बॅटरी बदलली गेली. पडद्यावर शत्रूऐवजी स्वतःच्याच जागेचे आकडे आले, तेच वर विमानाला कळवले गेले. २,००० पौंडांचा बॉम्ब आपल्याच माणसांवर पडला. ३ अमेरिकी सैनिक आणि त्यांचे अफगाण साथीदार गेले. हीच चूक सिम्युलेटरवर, म्हणजे खऱ्यासारखा सराव देणाऱ्या यंत्रावर, पन्नासदा करून पाहता येते, तीही थेंबभर इंधन न जाळता. रेडिओची खरखर, धूर, अंधार, सगळे तिथे उभे करता येते. पोटातला गोळा मात्र नाही. त्यासाठी फायरिंग रेंजवर जावेच लागेल.

– एक वाचक, धानोरी, पुणे