तोंडावाटे घ्यायच्या केमोथेरपीचा दावा नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय: पित्तनलिकेच्या कर्करोगावरील कॅपेसिटाबीनचा दावा नाकारल्याबाबत

महोदय,

माझ्या पत्नीला यकृतातील पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याने यकृताचा काही भाग काढावा लागला आणि त्या शस्त्रक्रियेचा खर्च आपण विनाविलंब दिलात. मात्र त्याच आजारावरील पुढच्या उपचाराचा, म्हणजे कॅपेसिटाबीन या केमोथेरपीच्या गोळ्यांचा दावा ‘बाह्यरुग्ण औषधे (रुग्णालयात दाखल न होता घेतलेली), देय नाहीत’ एवढ्या एका ओळीत फेटाळण्यात आला असून तो निर्णय मला मान्य नाही.

गाठ पूर्ण निघाली तरी हा कर्करोग पुन्हा उद्भवण्याचा धोका मोठा असतो. या औषधाची रुग्णांवर घेतलेल्या ब्रिटनमधील ‘बिलकॅप’ चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा महिने या गोळ्या देण्याची पद्धत रूढ झाली आहे. 14 दिवस सकाळ-संध्याकाळ गोळ्या, मग 7 दिवस खंड, अशी 8 आवर्तने असतात आणि रक्ताचा अहवाल पाहिल्याशिवाय डॉक्टर पुढचे आवर्तन सुरू करत नाहीत. पत्नीच्या तळहातांची साले निघत आहेत. भाकरी थापणे सोडाच, गरम चहाचा कपही तिला धरवत नाही. अशा औषधाला किरकोळ गोळ्यांच्या रांगेत बसवताना आपल्या कार्यालयात कोणी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली होती का, अशी शंका येते.

विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर 2019 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ज्या आधुनिक उपचारांना विम्यातून वगळता येत नाही, त्यांत तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या केमोथेरपीचा स्पष्ट उल्लेख आहे. आमच्या पॉलिसीतही तो आहे; तेथे रकमेची मर्यादा घातली आहे, उपचार वगळलेला नाही. ती मर्यादा लावण्यास माझी हरकत नाही. शिवाय, दावा नाकारताना पॉलिसीतील नेमक्या अटीचा संदर्भ देणे याच प्राधिकरणाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार बंधनकारक असताना आपल्या पत्रात एकाही कलमाचा क्रमांक नाही.

तरी दाव्याचा फेरविचार करून झालेल्या आवर्तनांची रक्कम द्यावी आणि उर्वरित आवर्तनांचे दावे याच कारणाने अडवले जाणार नाहीत, असे लेखी कळवावे. नकार कायम ठेवायचा असल्यास संबंधित कलम आणि आपल्या दावा पुनरावलोकन समितीची मंजुरी यांचा तपशील द्यावा. 30 दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी पुणे येथील विमा लोकपालांकडे दाद मागेन.

आपला विश्वासू,
पॉलिसीधारक

सोबत: नकारपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी, बायोप्सी अहवाल व औषधांची बिले (प्रती)